फोन तापतो, स्कूटर पेटते आणि चाकणचं गणित: ओपन सोर्स सिम्युलेशन सोप्या भाषेत

चार्जिंगला लावून गेम खेळलं की फोन तापतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण तो नेमका कुठे तापेल, किती तापेल आणि ती उष्णता मागच्या कव्हरपर्यंत किती वेळात पोहोचेल, याचा हिशोब फोन तयार होण्याच्या आधीच कम्प्युटरवर झालेला असतो. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकणच्या पट्ट्यातही हेच काम चालतं. तिथे फोनच्या जागी स्कूटरचा बॅटरी पॅक असतो, गाडीचं बोनेट असतं, नाहीतर इंजिनाला धरून ठेवणारा लोखंडी ब्रॅकेट असतो. पण हे काम ज्या सॉफ्टवेअरवर होतं ते महाग आहे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत त्याचे मालक भराभर बदलले आहेत. म्हणूनच मोफत मिळणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा विषय आता फक्त कॉलेजच्या लॅबपुरता राहिलेला नाही. छोट्या कारखान्यांना आणि नोकरीच्या शोधात असलेल्या इंजिनिअर मुलामुलींना त्याचा थेट संबंध आहे. चला, एकेक गोष्ट समजून घेऊया.

आधी हे गणित काय आहे?

उष्णता, हवा, पाणी, धातूतला ताण या सगळ्या गोष्टी जागेप्रमाणे बदलतात आणि वेळेप्रमाणेही बदलतात. फोनचा कॅमेऱ्याजवळचा भाग आणि चार्जिंग पोर्टजवळचा भाग एकाच वेळी वेगवेगळ्या तापमानाला असतो, आणि पाच मिनिटांनी दोन्ही बदललेले असतात. असे बदल ज्या समीकरणात मांडतात त्याला पार्शल डिफरन्शियल इक्वेशन म्हणतात. मराठीत आंशिक अवकल समीकरण, आणि इंजिनिअरिंगच्या मुलांच्या भाषेत सरळ पीडीई.

मेकॅनिकलला असाल तर एम-थ्रीच्या पेपरात हीट इक्वेशन तुम्हाला भेटलं असेलच. तिथे ते पेनाने सुटतं, कारण तिथला रॉड सरळ असतो आणि एकाच धातूचा असतो. खऱ्या बॅटरी पॅकमध्ये शेकडो गोल सेल, मधली हवा, प्लास्टिकचा होल्डर, ॲल्युमिनियमची पेटी असं सगळं असतं. त्यासाठी पेनाने काढलेलं उत्तर मिळत नाही. मग कम्प्युटरला कामाला लावावं लागतं.

कम्प्युटर ते सोडवतो कसं?

युक्ती साधी आहे. वस्तूचे छोटे छोटे चौकोन करायचे, जशा घरात फरशा बसवतात तसे. याला मेश किंवा जाळी म्हणतात. आता एका चौकोनाकडे बघा. बराच वेळ गेल्यावर, सगळं स्थिर झाल्यावर, त्याचं तापमान शेजारच्या चार चौकोनांच्या सरासरीइतकं होतं. शेजारी ६०, ४०, ४० आणि ४० अंश असतील, तर मधला चौकोन ४५ अंशांवर येऊन थांबतो. हाच हिशोब लाखो चौकोनांसाठी, पुन्हा पुन्हा, उत्तर बदलायचं थांबेपर्यंत करायचा. एवढंच.

म्हणजे एकेका चौकोनाचं गणित शाळेतलं आहे, अवघड आहे तो आकडा. चौकोनाची बाजू निम्मी केली, तर लांबी, रुंदी आणि उंची मिळून ते आठपट होतात. त्यात वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागले, तर काम सोळापट वाढतं. मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम आठवतेय? पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या संस्थेने ती तयार केली आणि हवामानाच्या अंदाजासाठीचा चौकोन १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आणला. ऐकायला छोटा बदल वाटतो, पण त्यासाठी सुपरकम्प्युटर लागतो. आपल्या फोनवर दिसणारा पावसाचा अंदाजसुद्धा अशाच पीडीई सोडवून तयार होतो.

यातली एक मुख्य रीत पुणेकराची आहे

ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. गाडीवरून वाहणाऱ्या हवेचं गणित करताना एक मोठी अडचण येते. हवेचा वेग काढायला दाब माहीत हवा, आणि दाब काढायला वेग माहीत हवा. सुरुवात करायची कुठून?

डॉ. सुहास पाटणकर यांनी १९६२ मध्ये पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, पदवी घेतली. मग आयआयटी मुंबई आणि तिथून लंडनचं इम्पीरियल कॉलेज. १९७२ मध्ये त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक ब्रायन स्पाल्डिंग यांनी या कोड्यावर एक रीत मांडली, जिचं नाव आहे सिम्पल. आधी दाबाचा अंदाज धरा, त्यावरून वेग काढा, प्रत्येक चौकोनात जेवढी हवा आत येते तेवढीच बाहेर जाते का ते तपासा. जुळत नसेल तर दाब सुधारा आणि पुन्हा करा.

आज लाखो रुपयांचं सॉफ्टवेअर घ्या नाहीतर मोफतचं घ्या, हवा किंवा पाण्याच्या प्रवाहाचं गणित करणाऱ्या बहुतेक प्रोग्रॅममध्ये ही रीत किंवा तिची सुधारलेली भावंडं आहेत. ओपनफोम या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधल्या एका प्रोग्रॅमचं नावच सिम्पलफोम आहे. ही रीत शोधनिबंधात छापलेली आहे, कुणाच्या तिजोरीत नाही. मग आपल्या एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखान्याला तिचा वापर करणं इतकं अवघड का वाटतं?

या पट्ट्यात त्याची गरज कुठे पडते?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्या उन्हाळ्यात देशात अशा अनेक घटना झाल्या. त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेसाठीचं एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आलं. ही मानकं प्रसिद्ध करते ती एआरएआय ही संस्था, जिच्यामुळे आपण कोथरूडच्या टेकडीला एआरएआय टेकडी म्हणतो. तिचं एक केंद्र चाकणलाही आहे.

बॅटरी पॅकमधला मुख्य धोका असा: एक सेल बिघडून तापला, तर त्याची उष्णता शेजारच्या सेलला लागते, मग त्याच्या शेजारच्याला, आणि साखळी सुरू होते. दोन सेलमध्ये किती अंतर ठेवायचं, मध्ये कोणता थर घालायचा, हा सगळा उष्णतेच्या पीडीईचा प्रश्न आहे. मान्यतेसाठी प्रत्यक्ष चाचणी द्यावीच लागते, कम्प्युटरचं चित्र दाखवून भागत नाही. पण प्रत्येक डिझाइन बनवून, जाळून बघायचं म्हटलं तर छोट्या कंपनीचं दिवाळं निघेल. सिम्युलेशन केलं, तर दहा डिझाइनमधली आठ कम्प्युटरवरच बाद करता येतात आणि चाचणीला दोनच न्यावी लागतात.

असंच प्रेसच्या जॉबचं, प्लास्टिक मोल्डचं, कास्टिंगचं. डाय बनवून झाल्यावर कळलं की पार्टमध्ये ब्लोहोल येतायत किंवा कोपऱ्यात तडा जातोय, तर डायचं काम पुन्हा, ट्रायल पुन्हा, आणि रिजेक्शनचा माल भंगारात. मोठ्या गाडी कंपनीकडे यासाठी वेगळा विभाग असतो. पण तिला माल पुरवणाऱ्या व्हेंडरकडे, आणि त्या व्हेंडरला माल देणाऱ्या भोसरीच्या वर्कशॉपकडे, बहुतेक वेळा असतो तो अनुभवी मिस्त्रीचा अंदाज. तो अंदाज अनेकदा बरोबर निघतो. पण इलेक्ट्रिक गाडीचे पार्ट नवे आहेत, त्यांच्यासाठी तीस वर्षांचा अनुभव अजून कुणाकडेच नाही.

बातमी काय आहे?

हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आता मोठ्या कंपन्यांच्या पोटात चालल्या आहेत. २०२३ मध्ये कीसाइटने फ्रान्सची ईएसआय ग्रुप घेतली. मार्च २०२५ मध्ये सीमेन्सने अल्टेअर विकत घेण्याचा सुमारे १० अब्ज डॉलरचा व्यवहार पूर्ण केला. आणि जुलै २०२५ मध्ये चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सिनॉप्सिसने अॅन्सिस ही या क्षेत्रातली बडी कंपनी सुमारे ३५ अब्ज डॉलरना ताब्यात घेतली. गंमत म्हणजे अॅन्सिसचं मोठं ऑफिस पुण्यातच आहे. म्हणजे जगाला सिम्युलेशन सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कामात आपली मुलं आहेत, आणि तिथून तासाभराच्या अंतरावरच्या वर्कशॉपला त्याचं लायसन्स परवडत नाही.

दुकानं कमी झाली की गिऱ्हाइकाची घासाघीस करण्याची ताकद कमी होते, हे साधं गणित आहे. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. मे २०२५ मध्ये अमेरिकेने चिप डिझाइनचं सॉफ्टवेअर चीनला विकण्यावर बंधनं घातली, आणि जुलैमध्ये ती उठवली. त्याच जुलैमध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर मायक्रोसॉफ्टने भारतातल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. दोन्ही वेळा प्रश्न काही आठवड्यांत मिटला. पण यातून एक गोष्ट दिसली: पैसे भरलेलं सॉफ्टवेअरसुद्धा दुसऱ्या देशातल्या निर्णयाने बंद होऊ शकतं. भाड्याच्या घराची चावी शेवटी घरमालकाकडेच असते.

मग ओपन सोर्समध्ये काय मिळतं?

बरंच काही मिळतं. थोडक्यात ओळख करून घेऊया.

ओपनफोम हे हवा, पाणी आणि उष्णतेच्या प्रवाहासाठी आहे. इम्पीरियल कॉलेजमध्येच १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याची सुरुवात झाली आणि डिसेंबर २००४ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. हे फक्त विद्यार्थ्यांचं खेळणं नाही. २००९ मध्ये फोक्सवॅगन समूहातल्या इंजिनिअरांनी गाडीच्या एरोडायनॅमिक्ससाठी ओपनफोमवर उभारलेल्या पद्धतीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्याच वर्षी या समूहाचा चाकणचा कारखाना सुरू झाला.

कॅल्क्युलिक्स हे धातूतला ताण आणि वाक काढण्यासाठी आहे. ब्रॅकेट तुटेल का, याचं उत्तर ते देतं. फ्रीकॅड या मोफत डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ते आतूनच वापरता येतं, आणि फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आहे. फिनलंडचं एल्मर आणि फ्रान्सच्या सरकारी वीज कंपनीचं कोड-ॲस्टर हेही याच रांगेत. फेनिक्समध्ये तर समीकरण जवळपास वहीत लिहितो तसंच पायथनमध्ये लिहिता येतं.

मी माझ्या साध्या लॅपटॉपवर ओपनफोमचा पहिला धडा चालवून पाहिला. एक चौकोनी डबा, त्याचं झाकण सेकंदाला एक मीटर वेगाने सरकतंय, आतला द्रव कसा फिरेल? २० गुणिले २०, म्हणजे ४०० चौकोन, वेळेचे १०० टप्पे. चहा गाळायलाही जास्त वेळ लागतो, इतक्यात उत्तर आलं. पण त्याआधी काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करणं, तीन-चार फाइल हाताने बदलणं, हे करावं लागलं. बटण दाबलं आणि झालं, असं तिथे नाही.

मोफत म्हणजे कुठला खर्च वाचला?

इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो, म्हणून नीट सांगतो. लायसन्सचा खर्च वाचतो. शिकण्याचा, तपासण्याचा आणि कम्प्युटरचा खर्च तसाच राहतो.

काही अडचणी खऱ्याच आहेत. ओपनफोमच्या दोन मुख्य शाखा आहेत, एक फाउंडेशनची आणि एक ओपनसीएफडी कंपनीची. एका शाखेच्या व्हिडिओतल्या कमांड दुसऱ्या शाखेत चालतीलच असं नाही. अडलात तर रात्री दहा वाजता फोन उचलणारा सेल्स इंजिनिअर नसतो. कास्टिंगमध्ये धातू गोठताना काय होतं, यासाठी बाजारात तयार पॅकेज मिळतात, ओपन सोर्समध्ये मात्र बरंच काही स्वतः जुळवावं लागतं. आणि मोठी गाडी कंपनी व्हेंडरला सांगू शकते की आम्हाला रिपोर्ट अमुक सॉफ्टवेअरचाच हवा. तिथे वाद घालून उपयोग नसतो.

आणखी एक प्रश्न मला नेहमी विचारतात: ओपन सोर्स वापरलं तर आमचं डिझाइन जाहीर करावं लागेल का? नाही. ओपनफोमचं लायसन्स जीपीएल आहे. तुम्ही सॉफ्टवेअरचा कोड बदलून ते दुसऱ्याला दिलंत, तर बदललेला कोडही त्याला द्यावा लागतो. तुमच्या पार्टचं ड्रॉइंग, मेश, निकाल हे सगळं तुमचंच राहतं. या लायसन्सचा दुसरा फायदा म्हणजे एकदा दिलेला कोड परत घेता येत नाही. ओपनफोमचा ट्रेडमार्क ज्या ओपनसीएफडीकडे आहे ती कंपनी ईएसआयची, म्हणजे आता कीसाइटच्या छत्राखाली. उद्या मालकाने धोरण बदललं तरी आज डाउनलोड केलेला कोड तुमच्याकडे राहतो, आणि तो पुढे वाढवायचा हक्कही राहतो.

"मोफतच्या उत्तरावर भरवसा ठेवायचा का?"

रास्त शंका आहे. पण भरवसा किमतीवरून येत नाही. २३ ऑगस्ट १९९१ ला नॉर्वेमध्ये स्लाइपनर नावाच्या तेल प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया समुद्रात बुडाला. चौकशीत कळलं की काही भिंतींमधला ताण कम्प्युटरच्या हिशोबात ४७ टक्के कमी धरला गेला होता. वापरलेलं सॉफ्टवेअर नामांकित होतं. चुकली होती ती जाळी, आणि उत्तर हाताने पडताळून बघणं राहिलं होतं.

म्हणून कुठलंही सिम्युलेशन असो, तीन प्रश्न विचारायचे. जाळी दुप्पट बारीक केली तर उत्तर बदलतं का? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सोपं उदाहरण ते बरोबर सोडवतं का? आणि प्रत्यक्ष चाचणीच्या आकड्याशी ते किती जुळतं? ज्या माणसाला हे प्रश्न विचारता येतात, त्याच्या हातात मोफतचं सॉफ्टवेअर सुरक्षित आहे. ज्याला ते येत नाहीत, त्याच्या हातात महागडं सॉफ्टवेअर फक्त रंगीत चित्रं काढतं.

माझं मत

आपल्याकडे चर्चा नेहमी सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं यावर अडते. मला वाटतं की या पट्ट्यात तुटवडा आहे तो हे गणित समजणाऱ्या माणसांचा. कॉलेजमध्ये मुलं महागड्या सॉफ्टवेअरच्या मोफत स्टुडंट आवृत्तीवर शिकतात. तिच्यात जाळीच्या आकाराला मर्यादा असते आणि धंद्याच्या कामासाठी ती वापरता येत नाही. मुलगा पास होऊन भोसरीतल्या छोट्या कंपनीत लागला की तिथे ते सॉफ्टवेअरच नसतं, आणि शिकलेलं बाजूला पडतं. तोच ओपन सोर्सवर शिकला असता तर पहिल्या दिवसापासून कामाला आला असता.

छोट्या कारखान्याने महागडं सगळं फेकून द्यावं असं मी म्हणत नाही. जिथे गिऱ्हाइकाची अट आहे तिथे ते लागेलच. पण लायसन्समध्ये जाणारे पैसे एका चांगल्या मुलाच्या पगारात आणि शिकण्यात घातले, तर वर्षभरात हातात काहीतरी राहतं. पाच-सहा वर्कशॉप मिळून एक माणूस आणि एक दणकट कम्प्युटर ठेवू शकतात. आणि आपल्या भागातल्या कॉलेजांनी शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट शेजारच्या एमआयडीसीतल्या खऱ्या पार्टवर करायला काय हरकत आहे?

तुम्ही आज काय करू शकता?

आयआयटी मुंबईचा फॉसी हा प्रकल्प ओपनफोमवर केस स्टडी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ओपनफोमचे छोटे छोटे धडे मोफत आहेत, फोनवरही बघता येतात. लॅपटॉपवर विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल सुरू करून त्यात ओपनफोम टाकता येतं. लॅपटॉपच नसेल तर गूगल कोलॅबवर, ब्राउझरमधूनच, फेनिक्सची छोटी उदाहरणं चालतात.

सुरुवात मोठ्या गाडीपासून करू नका. एका पट्टीचं एक टोक गरम, दुसरं थंड, एवढंच घ्या. उत्तर वहीत काढा, मग कम्प्युटरकडून काढून घ्या, आणि दोन्ही जुळतात का बघा. जुळले की पुढे बॅटरीच्या एका सेलकडे जा, मग दोन सेलकडे. मुलाखतीत सॉफ्टवेअरचं नाव सांगणारे खूप असतात. उत्तर बरोबर आहे हे कशावरून, याचं उत्तर देणारे कमी असतात. तुम्ही त्या दुसऱ्या रांगेत उभे राहा.